मिठाच्या डब्याचं कुलूप

मोठ्या डॉक्टरांनी मिठाच्या डब्याला कुलूप घातलं त्या दिवशी तागडीनं बावीस वर्षांत पहिल्यांदा सूप करपवलं. मुद्दाम नव्हे. पण लक्ष कुणाचं होतं ठिकाणावर! डोक्यातच इतका जाळ पेटलेला की शेगडीवरच्या जाळाकडे बघायचं राहून गेलं.

तागडी हे नाव हॉस्पिटलातल्या लोकांनी पाडलेलं. संशोधनाच्या स्वयंपाकघरात ती मुख्य होती. आता संशोधनाचं स्वयंपाकघर म्हणजे काय, तर तिसऱ्या मजल्यावर एक वॉर्ड होता आणि तिथे आठ चांगली धडधाकट माणसं सहा आठवड्यांसाठी राहायला आणलेली. आजार काही नाही. खायचं, पत्ते कुटायचे आणि लघवी आपापल्या नंबराच्या कॅनमध्ये धरायची, थेंब बाहेर जाता कामा नये. पहिले तीन आठवडे प्रत्येकाला रोज बारा ग्रॅम मीठ, पुढचे तीन आठवडे सहा. मिठानं रक्तदाब किती चढतो हे मोठ्या डॉक्टरांना जगाला सांगायचं होतं. जग जसं काही कान टवकारून बसलं होतं!

ते बारा ग्रॅम मोजायचं काम तागडीचं. पाव बिनमिठाचा, तिथेच भाजलेला. सूप, उकडलेल्या भाज्या, अंडी, सगळं अळणी. मीठ वेगळं, कागदाच्या पुडीत, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत तोललेलं, पुडीवर तिची सही. ताट परत आलं की उरलंसुरलं खरवडून तेही तोलायचं. रिकाम्या पुड्यासुद्धा टाकायच्या नाहीत. ‘अंदाजे’ हा शब्द तिच्या स्वयंपाकघरात कुणी काढला तर शिवी दिल्यासारखी ती वळून बघायची. जगात दोनच प्रकारची माणसं, मोजणारी आणि थापा मारणारी, असं तिचं ठाम मत होतं, आणि दुसऱ्या प्रकारात तिनं जवळजवळ सगळ्यांनाच टाकलेलं होतं.

तर तीन आठवडे संपता संपता मोठे डॉक्टर हातात कागद नाचवत स्वयंपाकघरात आले. एरवी हा माणूस स्वयंपाकघराच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा.

“बाई, शिंप्याचं मीठ कुठे गेलं?”

शिंपी म्हणजे वॉर्डातला तिसऱ्या कॉटवरचा म्हातारा. जन्मभर लोकांचे कोट शिवले, आता डोळे थकले म्हणून दुकान मुलाला देऊन इथे मजेत राहिला होता.

“कुठे जाणार? पोटात,” तागडी म्हणाली.

“पोटात गेलं तर बाहेर यायला हवं. जेवढं आत, तेवढं बाहेर. घामाबिमाचं धरूनसुद्धा रोज दोन ग्रॅम कमी येतंय. एकवीस दिवसांत चाळीस ग्रॅम!”

“मग अंगात राहिलं असेल.”

मोठे डॉक्टर हसले. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसावं तसे. “बाई, मीठ अंगात राहिलं तर पाणी धरून बसतं. चाळीस ग्रॅम मिठाला चार किलो वजन वाढलं असतं. त्याचं वाढलंय अर्धा किलो. पाणी नाही म्हणजे मीठ नाही. म्हणजे मीठ त्यानं खाल्लंच नाही. त्याचं ताट तर चाटूनपुसून येतं. मग राहिलं कोण?”

राहिली तागडी. एवढं शिकून हा माणूस शेवटी येऊन पोचला कुठे, तर स्वयंपाकीणबाई मीठ मारते इथे!

“मीठ चोरून मी काय करते हो?” तिचा आवाज चढला. “दागिने घडवते?”

“चोरी कोण म्हणतंय? चूक. हलगर्जीपणा,” मोठे डॉक्टर म्हणाले. “आजपासून डब्याला कुलूप. किल्ली नर्सकडे. ती समोर उभी राहील तेव्हाच मीठ तोलायचं. पुढच्या बुधवारी समिती बसणार आहे. तोपर्यंत या चाळीस ग्रॅमचा पत्ता लागला नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल. आणि का बघावी लागली, ते फायलीत लिहावं लागेल.”

नोकरी गेली असती तर तागडीनं दुसरी धरली असती, हाताला चव आणि अंगात धमक दोन्ही होतं. पण फायलीत आपल्या नावापुढे ‘हलगर्जीपणा’? त्यापेक्षा सुळावर चढवलं असतं तर बरं. बावीस वर्षांत तिची एक पुडी कधी हलकी निघाली नव्हती. आणि आता एक नर्स, जिला साधा चहा करताना साखर किती ते कळत नाही, ती हाताची घडी घालून समोर उभी राहणार.

घरी पोचेपर्यंत तागडी रस्ताभर पुटपुटत होती. दोन खोल्यांचं घर. तिथे ती आणि तिची ताई, दोघीच. ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधायची. दोन वर्षांपूर्वी छातीत उजव्या बाजूला गाठ निघाली, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. जिवावरचं हातावर निभावलं, पण ते निभावलं ते खरोखर हातावरच. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून जड झाला. पुस्तकं बांधणं सुटलं. सगळ्या झग्यांच्या उजव्या बाह्या उसवून मोठ्या कराव्या लागल्या.

“कुलूप! माझ्या डब्याला कुलूप!” पिशवी आपटत तागडी म्हणाली. “मी काय चोर आहे? समोर उभं राहून बघणार म्हणे!”

“अगं बाई,” ताई म्हणाली. “वाईट वाटलं असेल तुला.”

“वाईट? अंगाची लाही लाही होतेय. माणसानं आयुष्यभर खरं वागायचं आणि वर हे ऐकायचं. आणि पुरावा काय, तर म्हणे हिशोब लागत नाही!”

असं म्हणत तागडीनं गळ्यातली किल्ली काढली आणि ओट्यावरच्या मिठाच्या डब्याचं कुलूप उघडलं.

हो, घरीही कुलूप होतं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: मीठ कमी करा, हात हलक्या हातानं चोळून घ्या, रोज पट्ट्या बांधा. तिन्हींपैकी तागडीच्या डोक्यात पहिली तेवढी शिरली, कारण मीठ म्हणजे तिचा प्रांत. तिनं ताईचं मीठ तोडलं. हात उतरला नाही. म्हणजे काय? ताई चोरून खाते! डब्याला कुलूप बसलं. तरी हात उतरेना. म्हणजे शेजारणीकडे जाऊन खाते! मग शेजारणीकडे जाणं बंद. मध्ये एकदा ताईच्या लघवीच्या तपासणीत मीठ कमीच आलं, तर तागडी म्हणाली, “चार दिवस सांभाळलं असशील. मला शिकवतेस?”

आणि पट्ट्या? त्या गुंडाळून खणात पडल्या होत्या. एका हातानं दुसऱ्या हाताला खांद्यापर्यंत पट्टी बांधता येत नाही. ताईनं दोन-तीनदा विचारलं होतं. दर वेळी उत्तर एकच: “आधी जिभेला बांध पट्टी, मग हाताला बांधू.” पुढे ताईनं विचारणं सोडलं.

त्या संध्याकाळी तागडीनं स्वतःच्या सुपात मीठ घातलं, डबा बंद केला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि मोठ्या डॉक्टरांच्या नावानं पुन्हा बोटं मोडायला बसली. ताई समोर बसून आपलं अळणी सूप पीत होती.

दुसऱ्या दिवशी तागडी तळघरात गेली. तिथे फोटो काढायचं एक अवाढव्य यंत्र होतं आणि ते चालवणारी एक चष्मेवाली डॉक्टरीण. मोठे डॉक्टर तिच्या कामाला ‘खेळणं’ म्हणायचे. तिनं पहिल्याच दिवशी आठही जणांच्या पोटऱ्यांचे फोटो काढून ठेवले होते. हाडाचे नव्हेत, अंगातलं मीठ दाखवणारे फोटो. पायाखाली चार नळ्या ठेवायच्या, प्रत्येकीत वेगवेगळ्या खारटपणाचं पाणी. फोटोत जी नळी जास्त खारट ती जास्त चमकते; मग पायातला चमकणारा भाग त्या नळ्यांशी ताडून बघायचा. नळ्यांचं मीठ तोलून दिलं होतं अर्थातच तागडीनं.

“मावशी, तुमचं मीठ कातडीत असेल,” चष्मेवाली सगळं ऐकून म्हणाली.

“कातडीत? माणूस आहे की लोणच्याची बरणी?”

“थोडाफार तसाच. कातडीत आणि तिच्याखाली गादीसारखा थर असतो, त्याला मीठ धरून राहतं. आणि तिथे राहताना सगळं पाणी ओढून घेतंच असं नाही. म्हणून वजन वाढत नाही.”

“आणि बाहेर कसं पडतं?”

“रक्ताच्या नळ्यांशिवाय अंगात आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं, लसिकेचं. अंगात झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात नेऊन सोडतं. कातडीत मीठ साठलं की तिथल्या राखणदार पेशींना ते कळतं, त्या हाकाटी करतात, आणि नव्या नळ्या फुटतात, निचरा वाढतो. उंदरांमध्ये हे दिसलंय. माणसांचं अजून तपासतायत.”

“बघा!” तागडीनं टाळी वाजवली. “उंदराच्या कातडीला कळतं ते या माणसाला कळत नाही. काढा शिंप्याचा फोटो.”

फोटो काढायचा म्हणजे मोठ्या डॉक्टरांची परवानगी हवी. मंगळवारी, समितीच्या आदल्या दिवशी, ते खाली आले, तेही घड्याळाकडे बघत. शिंपी यंत्रात आडवा व्हायला उत्सुक. म्हणाला, एवढ्या महागाच्या पलंगावर मी कधी झोपलो नाही. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांना शंका आली.

“या नळ्यांचं मीठ कुणी तोललं?”

“मावशींनी.”

“वा! म्हणजे ज्यांच्यावर संशय, त्यांचीच मापं!”

तागडीनं पदर खोचला. “मग तुम्हीच तोला ना. आहे काटा इथे.”

आणि त्या थोर माणसानं खरंच तोलायला घेतलं. काय सांगावं ते दृश्य! चिमटीतून मीठ जास्त पडलं, ते काढायला गेले तर काटा हलला, काटा धरायला गेले तर पुडी उलटली. मग शिंक आली. शिंकेनं दीड ग्रॅम हवेत गेलं. चार नळ्यांचं मीठ तोलायला त्यांना पाऊण तास लागला आणि कपाळावर घाम आला. तागडी हाताची घडी घालून समोर उभी राहिली होती. प्रत्येक पुडी उचलून हातावर झेलायची आणि “हं” म्हणायची. यंत्रातून शिंप्यानं विचारलं, “झोपू का जरा?”

फोटो आला. चष्मेवालीनं पहिल्या दिवशीचा आणि आजचा शेजारी शेजारी ठेवला. तागडीनं तोललेल्या नळ्या आणि मोठ्या डॉक्टरांनी तोललेल्या, दोन्ही सारख्याच चमकत होत्या. पण शिंप्याच्या पोटरीची कडा पहिल्या फोटोत पुसटशी होती, ती आज कुणी खडूनं गिरवल्यासारखी उजळलेली. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. तागडीचं मीठ तिथे बसलं होतं, शिंप्याच्या कातडीत.

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो पाहिले. मग घसा खाकरून म्हणाले, “मला ही शंका पहिल्यापासून होतीच.”

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला. दुसरं काय करणार बिचारी!

“होती?” तागडी म्हणाली. “मग कुलूप कशाला घातलं होतंत?”

“ते काढायला सांगतो. चला, कामाला लागा.”

“आधी म्हणा, चुकलं.”

“बाई, मला उद्याची तयारी करायचीय,” असं म्हणून मोठे डॉक्टर निघून गेले.

नाव राहिलं, नोकरी राहिली, पण तागडीला अन्न गोड लागेना. घरी गेल्यावर तिनं ताईचे कान किटवले. “दोन शब्द! चुकलं माझं! जीभ झडते का माणसाची? खोटं पडल्यावर खाली मान घालून माफी मागावी, एवढीसुद्धा दानत नाही. असल्या माणसाचं तोंड बघू नये.”

“काही जणांना नाही जमत,” ताई म्हणाली.

“न जमायला काय झालं? मी असते तर तिथल्या तिथे म्हटलं असतं.”

बोलता बोलता तिची नजर ताईच्या हातावर गेली आणि तिच्या डोक्यात एक नामी कल्पना आली. अंगात लपलेलं मीठ दाखवणारं यंत्र! दोन वर्षं जे कुलपाला पकडता आलं नाही, ते यंत्र पकडणार. “ताई, उद्या माझ्याबरोबर चल. तुझ्या हाताचा फोटो काढू. मग बघू कोण खरं बोलतंय.”

ताईनं तिच्याकडे पाहिलं. “चल,” ती म्हणाली. “मलाही बघायचंच आहे.”

मोठे डॉक्टर समितीत अडकलेले होते, तेवढ्यात चष्मेवालीनं ताईच्या दोन्ही हातांचे फोटो घेतले, कोपरापासून बोटांपर्यंत, एकेक करून. ताई यंत्रात निपचित पडून होती. तागडी बाहेर पडद्यासमोर, येणाऱ्या विजयाचं भाषण मनात घोळवत. उजव्या हाताचा फोटो आला. कडा लखलखत होती, शिंप्याच्या पोटरीपेक्षा कितीतरी जास्त.

“बघा!” तागडी ओरडली. “आता बोल म्हणावं! दोन वर्षं मी सांगतेय, ही चोरून—”

“थांबा मावशी. डावा बघा.”

डावा हात काळोखा होता. कडेला पुसटशी रेघ, बस. शिंप्याच्या पहिल्या दिवशीच्या फोटोपेक्षाही फिकी.

“त्याचा अर्थ काय?”

“एका फोटोवरून मी शपथ घेणार नाही,” चष्मेवाली म्हणाली. “पण खाल्लेलं मीठ रक्तातून दोन्ही हातांना जातं. रक्त डावं-उजवं बघत नाही. या चोरून खात असत्या तर डावाही उजळला असता. यांचं मीठ खरोखर कमी आहे; वॉर्डातल्या आठांपेक्षा कमी. उजव्याची गोष्ट वेगळी. काखेतल्या गाठी काढल्या तेव्हा त्या बाजूच्या निचऱ्याच्या नळ्या तुटल्या. थोडंसं जरी आलं तरी त्याला परत जायला वाट नाही. म्हणून पट्टी आणि चोळणं लागतं, पाणी वर ढकलायला. पट्टी रोज बांधता ना?”

ताई यंत्रातून उठून बसली होती. बाही खाली ओढत ती म्हणाली, “बांधायला दुसऱ्याचा हात लागतो.”

तागडी उभी होती तिथेच राहिली. पाणी दिसत नाही म्हणून मीठ नाही असं म्हणणाऱ्या माणसाला ती आठवडाभर मूर्ख म्हणत होती. आणि स्वतः दोन वर्षं, पाणी दिसतंय म्हणजे मीठ खाल्लंच, असं म्हणत एका आजारी बाईच्या पोळलेल्या मनावर रोज डाग देत होती. सख्ख्या बहिणीच्या. तिथल्या तिथे म्हणायचे होते ते दोन शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. रस्ताभरही नाहीत. मोठे डॉक्टर त्यामानानं लवकर सुटले म्हणायचे, त्यांना निदान जिना चढून पळून जाता आलं.

घरी आल्यावर तागडीनं खणातून पट्ट्या काढल्या. ताईनं हात पुढे केला आणि सांगायला लागली: आधी बोटं, मग तळवा, खाली घट्ट आणि वर जाताना सैल. बोटांच्या बेचक्यातून पट्टी घेताना तागडीला कातडी लागली, ताणलेली आणि जाड. इतक्या जवळून तिनं तो हात ऑपरेशननंतर पाहिलाच नव्हता.

“किती घट्ट?” तिनं विचारलं.

“अंदाजे.”

तागडीनं मान वर केली नाही. कोपरापर्यंत पट्टी आल्यावर ती हळूच म्हणाली, “चुकलं माझं, ताई.”

“हं,” ताई म्हणाली.

एवढंच. तागडीनं गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. “कुलूप काढून टाकते. आत्ताच.”

“राहू दे कुलूप,” ताई म्हणाली. “मीठ मला वाईटच आहे, ते काही खोटं नाही. किल्ली तेवढी माझ्याकडे दे.” आणि डाव्या हातानं तिनं ती उचलून स्वतःच्या गळ्यात घातली.

सूप उकळलं. दोन वाट्या भरल्या. तागडी ओट्याशी गेली, डब्याला हात लावला आणि थबकली.

“ताई, किल्ली देतेस?”

“कशाला हवीय?”

दोन वर्षं रोज हाच प्रश्न या घरात विचारला गेला होता. फक्त विचारणारी दुसरी होती.

“माझ्या सुपाला. अर्धा चमचा.”

ताई उठली. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ओट्याजवळ आली, कुलूप उघडलं आणि समोर उभी राहिली. तागडीनं अर्धा चमचा मीठ घेतलं. थोडं सांडलं. ताईनं डबा बंद केला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

“असं किती दिवस चालणार, ताई?”

“दोन वर्षं,” ताई म्हणाली. “मोजून.”